रुसलेला ग

आमचं चष्म्याचं दुकान इतकं अरुंद होतं की मामा म्हणायचा, दाजींकडे गिऱ्हाईक आत आलं की दाजींना बाहेर जावं लागतं. अरुंद असल्याचं बाबांना काही वाटत नव्हतं. त्यांची खरी अडचण लांबीची होती. डोळे तपासायचे तर खुर्ची आणि अक्षरांचा तक्ता यांच्यात ठरावीक अंतर लागतं आणि तेवढं आमच्याकडे नव्हतं. मग बाबांनी आरशाचा तोडगा काढला. तक्ता टांगला गिऱ्हाइकाच्या डोक्यामागच्या भिंतीवर आणि समोरच्या भिंतीवर लावला मोठा आरसा. खुर्चीत बसायचं आणि मागचा तक्ता समोरच्या आरशात वाचायचा. अंतर आपोआप दुप्पट झालं, दुकान होतं तेवढंच राहिलं.

आरशात अक्षरं उलटी दिसतात, त्यामुळे ती आधीच उलटी रंगवून घ्यावी लागली. तक्ता म्हणजे एक लाकडी पेटी होती. तिच्या तोंडाला दुधी काच, आत दिवा आणि काचेवर काळी अक्षरं. ती रंगवायला दुकानांच्या पाट्या करणारा पेंटर आला होता. जन्मभर सरळ अक्षरासाठी नाव कमावलं आणि तुम्ही मला उलटं लिहायला बसवताय, अशी कुरकुर त्याने दिवसभर केली. काम मात्र सुबक केलं. फक्त शेवटून दुसऱ्या ओळीत त्याच्या हाताने सवयीप्रमाणे एक ग सरळ काढला. म्हणजे आरशात बाकीची सगळी अक्षरं नीट आणि तो एकटा ग पाठ फिरवून बसलेला. रंग वाळला की दुरुस्त करू, असं बाबा म्हणाले. रंग वाळला, पेंटर गेला, आणि ग तसाच राहिला. आई म्हणायची, तो रुसलाय.

ज्याची नजर त्या ओळीपर्यंत पोचायची तो ग पाशी हटकून अडखळायचा. कुणी हसायचं, कुणी मान तिरपी करायचं. एक मास्तर तर खुर्चीतून उठले, अशाने मुलांना काय वळण लागेल म्हणून बाबांना चार शब्द सुनावून परत बसले. शाळेची बस चालवणारे ड्रायव्हरकाका दरवर्षी दाखला घ्यायला यायचे. त्यांना नजर चांगली असल्याचा कागद बाबांकडून घेऊन बसच्या कचेरीत द्यावा लागे. ग पाशी आले की ते थांबायचे आणि म्हणायचे, "काय हो मालक, हा अजून बोलत नाही का तुमच्याशी?" बाकावर बसलेले सगळे हसायचे. बाबाही हसायचे, आणि सही करायचे.

त्या तक्त्यावरच आम्ही दोघी बहिणी वाढलो. दुकानाच्या मागेच घर होतं, मध्ये नुसता पडदा. दिवसभर कुणी ना कुणी तो तक्ता मोठ्याने वाचत असायचं. सगळ्यात वर एकटा भला मोठा ट, मग र प, मग न ल स, अशा त्या ओळी आमच्या कानांवर पाळण्यातल्या गाण्यासारख्या पडल्या होत्या. दोरीच्या उड्या मारताना आम्ही तोच तक्ता म्हणायचो. शेवटच्या ओळीला दोरी अडकली की डाव गेला.

ताई माझ्याहून दोन इयत्ता पुढे. तिला काय येत नव्हतं ते सांगणं सोपं, कारण असं काही नव्हतंच. सूर्याचा उजेड इथवर यायला आठ मिनिटं लागतात, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, वाळवंटातला उंट पाणी कुठे साठवतो आणि कुठे साठवत नाही, हे सगळं तिच्या जिभेवर. घरात येईल तो छापील कागद ती वाचायची, चष्म्याच्या खोक्यातली रद्दीसुद्धा. एकदा वाचलं की पक्कं. मामाने तिचं नाव रेडिओ ठेवलं होतं. एका कंपनीच्या फ्रेमा घेऊन तो गावोगाव फिरायचा आणि दर महिन्याला आमच्याकडे मुक्कामाला यायचा. दारातून आत येतायेताच विचारायचा, "आज कुठलं स्टेशन लागलंय?" ताईला ते कौतुक वाटायचं. बऱ्याच अंशी ते होतंही.

ती पुस्तक अगदी नाकाला लावून वाचायची. आम्ही म्हणायचो, कशी बुडालीय बघा. रस्त्यात पलीकडून शेजारीण हात करायची आणि ताई सरळ पुढे निघून जायची. शेजारीण म्हणायची, हुशार मुली जरा भाव खातातच. चेंडू आला की तो तिच्या खांद्यावर आपटून पडायचा. खेळात लक्षच नाही हिचं, असं मी म्हणायचे. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एकेक कारण तयार होतं. आणि डोळ्यांविषयी शंका यायला जागाच नव्हती, कारण चष्मेवाल्याच्या घरातल्या मुली आम्ही. दरवर्षी शाळा सुरू होण्याआधी बाबा आम्हा दोघींना खुर्चीत बसवून तपासायचे, आणि ताई दरवर्षी शेवटच्या ओळीपर्यंत एकदाही न अडखळता पोचायची. मी शेवटच्या ओळीत कधीकधी चुकायचे. हिची नजर घारीची आहे, असं बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे.

त्या वर्षी दुकानाला चुना लावायचं काम निघालं होतं. काचेवर शिंतोडे उडू नयेत म्हणून आईने तक्त्याच्या पेटीवर एक पातळ पांढरं फडकं टाकून ठेवलं होतं. काम संपलं, सामान परत जागेवर गेलं, फडकं राहिलं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा बाबांनी आम्हाला हाक मारली. ताई खुर्चीत बसली. बाबांनी न बघताच बाजूचं बटण दाबलं. ते नेहमी खुर्चीशेजारी उभे राहायचे, आरशाकडे पाठ करून, हातात कागद आणि पेन्सिल.

"हं, वाच."

ताईने आरशाकडे बघितलं आणि म्हणायला लागली. ट. र, प. न, ल, स. मी पडद्यापाशी माझ्या पाळीची वाट बघत उभी होते. आरशात नुसतं एक उजळलेलं पांढरं फडकं होतं. आतल्या दिव्याने ते छान चकाकत होतं. अक्षर एकही नाही. मला वाटलं, ताई गंमत करतेय. आता बाबांना फसवणार आणि मग दोघी मिळून हसणार. म्हणून मी ओठ दाबून गप्प राहिले. ताई एकेक ओळ उतरत गेली. बाबा खाली बघून कागदावर खुणा करत गेले. ती ग म्हणाली, पुढची दोन अक्षरं म्हणाली, शेवटच्या ओळीला लागली.

तेवढ्यात आई पडदा सारून आत आली. "अहो," ती म्हणाली, "पेटीवर माझं फडकं आहे."

बाबांनी मान वर केली. आधी पेटीकडे बघितलं, मग वळून आरशाकडे, मग ताईकडे. ताई अजून शेवटची ओळ म्हणत होती. ती पूर्ण करूनच थांबली. तिच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. परीक्षेत पेपर देऊन झाल्यावर असतो तसा तिचा चेहरा होता.

बाबांनी हळूच विचारलं, तुला आरशात काय दिसतंय. ती म्हणाली, तक्ता. तक्ता कसा दिसतो? पांढरा, ती म्हणाली. नेहमी दिसतो तसा.

आईने पुढे होऊन फडकं ओढून काढलं. बाबा म्हणाले, आता सांग. ताईने पुन्हा बघितलं, आणि तेच सांगितलं. पांढरा. वर थोडासा मळलेला.

मग बाबांचा चेहरा बघून ती घाबरली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. सगळी अक्षरं तर बरोबर आली होती. बाबांकडे बघत ती म्हणाली, "ते बघून म्हणायचं असतं?"

हे वाक्य मी पुढे आयुष्यभर, मुलांना शिकवताना, मनातल्या मनात ऐकत आले. तिने कुणाला फसवलं नव्हतं. शाळेत कविता म्हणून घेतात, पाढे म्हणून घेतात, तसा घरी तक्ता म्हणून घेतात, असं ती समजत होती. खुर्चीत बसायचं, तोंड आरशाकडे करायचं आणि न चुकता म्हणायचं. इतकी वर्षं तिला त्यात पैकीच्या पैकी मिळत होते.

बाबांनी एका पुठ्ठ्यावर जाड अक्षर काढलं. ते आरशाच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि पुठ्ठा छातीशी धरला. ताईने मान हलवली. ते एक पाऊल पुढे आले. तिने पुन्हा मान हलवली. असं करत करत ते येत राहिले, आणि दुकान किती लांब आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांचे गुडघे तिच्या गुडघ्यांना टेकायला आले तेव्हा ती पुढे वाकून म्हणाली, "म."

बाबांनी पुठ्ठा खाली ठेवला. "मी हिची उत्तरं तपासत होतो," ते आईला म्हणाले. "डोळे तपासायचे राहूनच गेले."

त्या दिवशी ते दुपारनंतर जेवायलाही आत आले नाहीत. सहाणेच्या चाकावर पाण्याची धार सोडून ते काचेच्या कडा घासत बसले. तो करकरणारा आवाज घरात सगळीकडे ऐकू येत होता. मामाने मागच्या खेपेला ठेवलेल्या फ्रेमांतून ताईने तपकिरी फ्रेम निवडली, म्हणजे मीच निवडली, ती नुसती हो म्हणाली. बाबांनी वाळू तापवली, फ्रेमच्या काड्या तिच्यात खुपसून मऊ केल्या आणि ताईच्या कानामागे बसतील अशा वाकवल्या. मग चष्मा तिच्या नाकावर ठेवला आणि तिला त्याच खुर्चीत बसवलं.

ताई आरशाकडे बघत राहिली. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत होतो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाबा, तो ग उलटा का आहे?"

बाबांना हसू आलं आणि ते लगेच मावळलं. जो तो त्या ग वर अडखळायचा, आणि आपली मुलगी कधीच का अडखळत नाही, हे त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पेंटरला बोलावून घेतलं. पेंटर आता म्हातारा झाला होता. इतकी वर्षं चाललं ते आताच काय खुपायला लागलं, असं तो म्हणाला, पण ग खरवडून त्याने तो नीट उलटा काढून दिला. आरशात ओळ पहिल्यांदाच सरळ झाली. नवा तक्ता, वेगळ्या अक्षरांचा, मामाने पुढच्या फेरीत आणावा असंही ठरलं.

पहिले दोन दिवस ताई रस्त्यावर चालायची कमी आणि थांबायची जास्त. समोरच्या भिंतीत विटांच्या मध्ये रेषा असतात, हे ती मला सांगत होती. तारेवरच्या गाठी तिने मला दाखवल्या आणि त्यातली एक गाठ उडून गेली. चिमण्यांविषयी ती अर्धा तास बोलू शकली असती. त्या दिवशी ती नुसती चिमणी उडून गेली त्या जागेकडे बघत राहिली. मला वाटलं, आता सगळं छान होणार.

तिसऱ्या दिवशी मामा आला. रात्री जेवताना ताई नेहमीसारखी सुरू झाली. मधमाशीला पाच डोळे असतात, ती सांगत होती, दोन मोठे आणि तीन बारीक, आणि तिला लाल रंग दिसत नाही. बोलताबोलता ती थांबली. सगळे जेवतच होते. मामा नेहमीच्याच उत्साहात म्हणाला, "वा, वा, पुढे?" पण त्याने ते जांभई हातात लपवत म्हटलं होतं, आणि दुसऱ्या हाताने आईला खूण केली होती, की लागला रेडिओ. आई हसू दाबत ताटाकडे बघत होती. बाबा हिशेबाच्या विचारात. हे असंच चालायचं नेहमी. यात कुणाचं काही वाईट मनात नव्हतं. पण ताईला आजवर फक्त "वा, वा, पुढे?" एवढंच पोचत होतं.

तिने चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला आणि मुकाट्याने जेवली.

दुसऱ्या दिवशी ती चष्मा न घालता शाळेत गेली. विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. चष्मा त्याच्या डबीत, डबी कपाटात. आणि मधमाश्या, उंट, ऑक्टोपस, सगळे एकदम बंद. मामाने जाताना तिच्या डोक्यावर टपली मारून विचारलं, आज स्टेशन का लागत नाही, तर ती नुसती हसली. आई म्हणाली, वयच आहे असं. मला मात्र घर रिकामं वाटायला लागलं. रात्री अंथरुणात पडल्यावर ती मला रोज काहीतरी सांगायची, त्याशिवाय मला झोप यायची नाही. एक दिवस मी हट्टच धरला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला वाटायचं, मी सांगते ते सगळ्यांना आवडतं."

मी हे आईला सांगितलं, आईने बाबांना. बाबांच्या जिवाला ते फार लागलं. चष्मेवाल्याची मुलगी चष्मा घालत नाही म्हणून लोक काय म्हणतील, हा प्रश्न नव्हता. ते आईला म्हणाले, आंधळेपणात सुखी होती ती, मी तिला नजर दिली आणि तिचं बोलणं काढून घेतलं. आई म्हणाली, असं काही बोलू नका. पण तिलाही काय करावं ते सुचत नव्हतं. डोळ्यांवर ताण पडत होता, आणि चष्मा नाही घातला तर नंबर वाढत जाईल अशी बाबांना भीती होती. रागावून चष्मा घालायला लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

शेवटी त्यांनी तिला एवढंच सांगितलं, की शाळेतून आल्यावर तास-दोन तास दुकानात बस. मला काचा द्यायला कुणीतरी हवं आहे. दुकानात चष्मा घाल, बाहेर पडताना काढून ठेव. इथे सगळेच चष्म्याचे, इथे कोण हसणार. ताईला नाही म्हणायला कारण सापडलं नाही. खुर्चीच्या मागच्या कोपऱ्यात, काचांची पेटी मांडीवर घेऊन ती स्टुलावर बसायला लागली. बाबा नंबर सांगायचे, ती काच काढून द्यायची. बोलणं काही नाही.

पण तिथून आरसा समोर होता. तपासायला बसलेल्या माणसाचा चेहरा तिला आरशात सरळ दिसायचा, आणि त्या माणसाचं सगळं लक्ष अक्षरांकडे असायचं. आपल्याकडे कुणी बघतंय हे त्याला कळत नसे. जेवताना तिने जे चेहरे एकदम बघितले आणि घाबरली, तेच आता ती रोज सावकाश बघायला लागली.

आठवडाभराने एका रात्री ती आपण होऊन बोलली. आज एक बाई आल्या होत्या ना, त्यांना हिरवी फ्रेम हवी होती. मी म्हटलं, काळी घेऊन गेल्या की, मी बिल फाडताना बघितलं. ती म्हणाली, हो, पण काळी हातात असताना त्यांनी दोनदा हिरवीकडे बघितलं. मग मिस्टरांकडे बघितलं, आणि काळी बरी आहे म्हणाल्या. मी विचारलं, मग? मग काही नाही, ताई म्हणाली, आणि कूस बदलून झोपली. मला ही गोष्ट ऑक्टोपसपेक्षा आवडली, पण तसं सांगायचं मला सुचलं नाही.

मग ड्रायव्हरकाका आले. वर्षाच्या दाखल्याची वेळ झाली होती. मामाने नवा तक्ता अजून आणला नव्हता. काका आले की दुकानात जान यायची. बाकावरच्या मंडळींची विचारपूस केली, माझी वेणी ओढली, ताईच्या चष्म्याकडे बघून "आता मॅडम झालीस की गं" म्हणाले आणि खुर्चीत बसले. बाबांनी बटण दाबलं.

काका वाचायला लागले. ट. र, प. न, ल, स. खणखणीत आवाज, कुठे अडथळा नाही. शेवटून दुसऱ्या ओळीत आले, थांबले, आणि मान हलवत म्हणाले, "काय हो मालक, हा अजून बोलत नाही का तुमच्याशी?"

बाकावरचे हसले. मी हसले. बाबाही हसले, आणि कागद पुढे ओढून सही करायला वाकले. ग सरळ झाला होता. पेंटरला बाबांनी स्वतः बोलावलं होतं, खरवडताना पेटी मी स्वतः धरली होती, आणि तरी आम्ही सगळे हसलो, कारण त्या जागी दरवर्षी हसायचं असायचं.

ताई हसली नाही. काच हातात धरून ती आरशाकडे बघत होती. नंतर तिने मला सांगितलं, की काका तक्त्याकडे बघतच नव्हते. ते तक्त्याच्या जरासं वर बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर न चुकता म्हणून झाल्याचं समाधान होतं. तो चेहरा तिने कुणाच्याच तोंडावर कधी बघितला नव्हता. पण आतून तो तिला चांगला माहीत होता.

ती स्टुलावरून उठली. महिनाभर ज्या मुलीने दुकानात चकार शब्द काढला नव्हता, ती आता काय करणार ते मला कळेना. तिच्या जागी मी असते तर ओरडले असते, की काकांना दिसत नाही. ती बाबांकडे गेलीच नाही. पुढे जाऊन ती खुर्चीपाशी काकांच्या शेजारी उभी राहिली, दोघांचे चेहरे आरशात एकाखाली एक दिसतील अशी, आणि फक्त काकांनाच ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली, "काका, मलापण दिसत नव्हतं."

दुकान अरुंद होतं, त्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. सही करणारा बाबांचा हात थांबला. त्यांनी आरशाकडे बघितलं, सरळ झालेला ग बघितला, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

काकांचं हसू थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच कपाळ पुसलं. "रस्ता दिसतो गं मला," ते म्हणाले. "पाट्या तेवढ्या दिसत नाहीत. आणि पाट्या काय, सगळ्या पाठच आहेत मला." रुमाल खिशात कोंबत म्हणाले, "पोरं असतात मागे बसलेली."

नजर गेली असं कचेरीत कळलं तर बस काढून घेतील, ही त्यांना भीती होती. म्हणून बाकावर बसल्याबसल्या ऐकून त्यांनी वरपासून खालपर्यंत तक्ता पक्का केला होता. किती वर्षांपासून, ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाबांनीही विचारलं नाही. बाबांनी सही न केलेला कागद बाजूला ठेवला. बाकावरच्या मंडळींना जरा बाहेर थांबायला सांगितलं. मग काचा अडकवायची ती रिकामी गोल फ्रेम काकांच्या नाकावर चढवली आणि ताईकडे हात केला. ताई पेटी घेऊन आली.

बाबांनी त्या दिवशी काकांना "वाचा" म्हटलं नाही. "काय दिसतं ते सांगा," ते म्हणाले. काका म्हणाले, उजेड. बाबांनी एक काच घातली. काका म्हणाले, उजेडात काहीतरी काळं. दुसरी घातली. काका गप्प. बाबांनी ती काढून जरा कमी नंबरची मागितली, तर ताई काच हातात देता देता म्हणाली, "बाबा, ती काढलेलीच बरी होती. त्यांच्या ताणलेल्या भुवया सैल झाल्या होत्या." बाबांनी मुलीकडे एकदा बघितलं आणि काढलेली काच परत घातली. मग त्यात अगदी हलकी अशी आणखी एक.

काका पुढे सरकले. आता ते आरशात बघत होते. वरपासून हळूहळू, मोठ्या अक्षरांवर भरभर आणि बारीक अक्षरांवर रेंगाळत, चुकत, दुरुस्त करत. शेवटून दुसऱ्या ओळीत ते थांबले.

"अरेच्चा," ते म्हणाले. "हा कधी वळला?"

आधी हसली ती ताई. महिन्याभरानंतर तिचं हसू मी ऐकलं. मग काका हसले, मग बाबा, आणि आई पडदा सारून बघायला आली की काय झालं.

चष्मा लावून बस चालवायला कचेरीने काही हरकत घेतली नाही. काका मात्र त्यानंतर बरेच दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. रागावले असतील, असं मला वाटलं. बाबा म्हणाले, राग नव्हे, जरा वेळ लागतो. मग एके दिवशी बस थेट दुकानासमोर थांबवून त्यांनी खिडकीतून ताईला हाक मारली आणि पलीकडच्या चौकातली पाटी अक्षर अक्षर सुटं करून मोठ्याने वाचून दाखवली. मागे बसलेली सगळी पोरं त्यांच्यामागून ओरडत होती.

ताईने त्या दिवसापासून चष्मा डबीत ठेवला नाही. पुढे दुकानही तिनेच चालवलं. मधमाश्या आणि उंट परत आले, पण आता ती एखादी गोष्ट सांगताना मध्येच थांबून समोरच्याकडे बघायची. समोरचा कंटाळला असेल तर हसून विषय बदलायची, नसेल तर पुढे सांगायची. मामा म्हणायचा, रेडिओला आता कानही आलेत.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत, तरी तपकिरी फ्रेम आहेच. दुकान कायमचं बंद करताना तिने ती दुधी काचेची पेटी ठेवून घेतली. शेजारपाजारची मुलं आली की दिवा लावते आणि विचारते, काय दिसतं? नीट बघितलं तर ग च्या खाली खरवडलेल्या जुन्या ग ची पुसट सावली अजून आहे. मुलांना ती चटकन सापडते.

बोलताबोलता मी तिला त्या जेवणाची आठवण करून दिली. म्हटलं, तेव्हा सगळ्यांचेच चेहरे बघितलेस, मग माझा कसा होता ते कधी बोलली नाहीस.

"तुझा?" ती म्हणाली. "घास हातात तसाच धरून, तोंड उघडं टाकून ऐकत होतीस. दिसत होतीस, पण तुझ्याकडे नीट बघायचं मला त्या दिवशी राहूनच गेलं. आठवलं ते नंतर, काकांच्या शेजारी उभी होते तेव्हा."

मग चहा ठेवायला ती उठली, आणि आत जाता जाता मला मधमाशीचं पुढचं सांगायला लागली.